अंदमानला पहिल्यांदा निघताना : सांगली-साताऱ्याच्या माणसासाठी

दरवर्षी मे महिन्यात एक बातमी आमच्याकडं फार जीव लावून वाचली जाते. 'मान्सून अंदमानात दाखल.' जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. अंदमानात ढग आले म्हणजे आता आपल्याकडं येणार, असा हिशेब घराघरांत मांडला जातो. लहानपणी मला अंदमान म्हणजे पावसाचं पहिलं स्टेशन आणि सावरकरांचं काळं पाणी, एवढंच ठाऊक होतं. तिथं सुट्टीला जाता येतं, हे खूप उशिरा कळलं.

आता दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा सगळं आपल्या घड्याळानं करायला गेलो आणि निम्मं बघायचं राहिलं. दुसऱ्यांदा आण्णा, आई, बायको आणि मुलगी अशी पाच माणसं घेऊन गेलो, तेव्हा महिना, तिथी, भरती-ओहोटी, उजाडायची वेळ हे सगळं आधी बघितलं आणि मग तिकिटं काढली. दोन्ही सहलींत जमीन-अस्मानाचा फरक पडला. नात्यातले, शेजारचे विचारत राहतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय.

बेटांवर जायचं ठरलं की लोक लक्षद्वीपचंही नाव काढतात. लक्षद्वीप सुंदरच आहे, पण तिथं जायला आपल्यालाही परवाना लागतो आणि वाट कोचीवरून जाते. मॉरिशस परदेशात. तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, त्यामुळं कधीतरी जायची इच्छा आहे, पण पासपोर्टापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या खेपेला अंदमान बरं. भारतीय माणसाला तिथल्या नेहमीच्या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरतं, हिंदी सगळीकडं चालते. निकोबार मात्र सर्वसाधारण पर्यटकांसाठी खुलं नाही, त्यामुळं 'अंदमान-निकोबार फिरून आलो' असं म्हणणारे बहुतेक सगळे अंदमानच फिरून आलेले असतात.

आधी महिना ठरवा

आपल्याकडं सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. नेमक्या दोन्हींत थोडी अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तिथं परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं यांचा काळ असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून येऊन थडकतो आणि समुद्र खवळतो. बोटी रद्द झाल्या की माणूस ज्या बेटावर असेल तिथंच अडकतो.

जानेवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यात चांगला. पाणी शांत आणि नितळ असतं, तळ दिसतो. ऊसवाल्यांनी ऊस कारखान्याला गेल्यावर मार्च धरावा. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांना माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी आठ दिवस काढता आले तर उत्तम. शाळेत जाणारी मुलं असतील तर परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघा. उकडतं, घाम येतो, पण समुद्र साथ देतो. पंधरा मेनंतर मी कुणालाच जा म्हणणार नाही.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. ही गोष्ट मला पहिल्या वेळी कुणीच सांगितली नव्हती. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येतं. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. ओहोटी खोल असली की एरवी पाण्याखाली असणारे प्रवाळाचे कातळ उघडे पडतात आणि त्यांच्यावरच्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकडी, रंगीत मासे उभ्या उभ्या बघायला मिळतात. अमावास्येच्या आसपास आणखी एक नवल असतं. अंधाऱ्या रात्री हॅवलॉक बेटावरच्या खारफुटीजवळ वल्ह्याच्या नावेतून नेतात. पाण्यात हात घातला की निळसर उजेड उमटतो. पाण्यातले सूक्ष्म जीव हलल्यावर चमकतात, त्याचा तो उजेड. चांदणं असेल तर तो नीट दिसत नाही. घरातली मोठी माणसं अमावास्येला प्रवास सुरू करायला नको म्हणतात. त्यांचं मन मोडू नका, तीन-चार दिवस आधी निघा. अमावास्येला तुम्ही बरोबर बेटावर असाल.

मग तिकिटं, आणि ती याच क्रमानं

विमान पहिलं, बोट दुसरी, हॉटेल तिसरं. बहुतेक लोक उलटं करतात. हॉटेल कुठलंही मिळतं, बोटीत जागा मिळत नाही.

बेटांची राजधानी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचं नाव श्री विजयपुरम झालं, त्यामुळं तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी गाव एकच. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. जुलै २०२३ मध्ये तिथली नवी इमारत सुरू झाली. सांगली-साताऱ्याहून तिथं पोचायला दोन सोप्या वाटा आहेत. साताऱ्याच्या माणसानं पुणं गाठावं आणि पुण्याहून चेन्नईमार्गे जावं. मिरज-सांगलीकरांना राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. मिरजेतून बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू, आणि तिथून पोर्ट ब्लेअरला विमान. फक्त ध्यानात ठेवा, बेंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, रेल्वे स्टेशनपासून चांगलंच लांब आहे आणि सकाळच्या गर्दीत दीड-दोन तास सहज जातात. रेल्वेला उशीर झाला तर विमान थांबत नाही, म्हणून मधे एक मुक्काम ठेवलेला बरा. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं, पण त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात. वेळ भरपूर असलेल्या तरण्या पोरांनी तो अनुभव घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना त्यात घालू नये.

बेटांच्या दरम्यानच्या बोटी सरकारी आणि खासगी अशा दोन प्रकारच्या. सरकारी फीनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, भाडं अगदी कमी, पण तिकीट थोडेच दिवस आधी मिळतं आणि आधी बेटांवरच्या लोकांची सोय बघितली जाते. तसंच असायला हवं, त्यांची ती एसटी आहे. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात, वातानुकूलित असतात आणि घरबसल्या आधी आरक्षण होतं. हॅवलॉकला दीड-दोन तासांत सोडतात. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, पण ती बोट सुटण्याआधी अर्धा तास. उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आमच्या आईनं 'कृष्णेच्या नावेत कधी काही झालं नाही' म्हणून गोळी टाळली आणि जाताना सगळी वाट डोळे मिटून बसली. येताना आठवणीनं मागून घेतली.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

अंदमान आपल्या सांगलीपेक्षा सुमारे अठरा रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाच्या आसपास फरक पडतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळं एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. पहिल्या वेळी आम्ही आरामात नाष्टा करून दहाला बाहेर पडायचो आणि दुपारी जेवून किनाऱ्यावर पोचेपर्यंत गार्ड शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढायचे. दुसऱ्या वेळी पहाटे पाचला बाहेर, अकराला खोलीवर, जेवून झोप, तीनला पुन्हा बाहेर असा क्रम धरला. शेतावर राबणाऱ्या घरांना हा क्रम सवयीचाच आहे.

पोर्ट ब्लेअर : तुरुंग आधी, बाकी मग

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. आपण मराठी माणसं तिथं जातो ते नुसतं ठिकाण बघायला जात नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली ही इमारत. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात बाजू. एका बाजूच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या बाजूच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला समोर भिंतच दिसावी, माणसाचं तोंड दिसू नये. आज सातातल्या तीनच बाजू उभ्या आहेत. कोलू, काथ्या कुटायची जागा, फाशीघर सगळं बघता येतं. वरच्या मजल्यावर टोकाला विनायकराव सावरकरांची कोठडी आहे. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही याच तुरुंगात होते. बाबाराव पुढं १९४५ साली आपल्या सांगलीतच वारले. ही गोष्ट मुलीला त्या कोठडीच्या दारात सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, 'आपल्या सांगलीत?' आणि ती बराच वेळ गजांना धरून उभी राहिली. जाण्याआधी मुलांना एवढं तरी सांगून न्या, नाहीतर त्यांना तो नुसता जुना वाडा वाटतो. संध्याकाळी ध्वनि-प्रकाश कार्यक्रम असतो. त्याचं तिकीट आधी काढा आणि हिंदीतला खेळ कितीचा आहे ते विचारून घ्या. जिने बरेच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना मधल्या अंगणात पिंपळाखाली बसवा.

दुसऱ्या दिवशी समोरचं रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचं मुख्य ठाणं इथं होतं. १९४१ चा भूकंप आणि त्यानंतर जपान्यांचा ताबा, यात सगळं संपलं. आज चर्चच्या, बेकरीच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखे घातलेत आणि मधून हरणं फिरतात. मला हे बेट फार आवडलं. जिथून कैद्यांवर हुकूम चालायचे, त्या घरांचं छप्पर झाडांनी केव्हाच उतरवून ठेवलंय. याच फेरीत नॉर्थ बे दाखवतात. लाल रंगाच्या जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर जो माडांचा किनारा होता तो हाच. घरात जुनी नोट असेल तर बरोबर घ्या, मुलांना मजा येते. चॅथमची १८८३ ची लाकूड गिरणी वेळ उरला तर बघा, नाहीतर सोडा.

हॅवलॉकला तीन मुक्काम, कमी नको

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप असं नामकरण झालं. बोलताना लोक अजून जुनी नावंच वापरतात. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं इथं वसवली गेली. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. आपलं घरदार सोडून आलेल्या माणसांनी नव्या जमिनीवर आपले देव नेऊन ठेवले. वारणा-कोयनेच्या धरणग्रस्तांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

राधानगर किनारा पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्ताचा. पांढरी वाळू, मागं महुआच्या उंच झाडांचं जंगल, आणि पाणी असं की गुडघाभर उतरलं तरी पायाची नखं दिसतात. २००४ मध्ये 'टाइम' मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. तीनला पोचा आणि दिवस मावळेपर्यंत हलू नका. दुसरं काहीही त्या दिवशी ठेवू नका. काळापत्थर पूर्वेला, तो सूर्योदयाचा. हॉटेलं बहुतेक पूर्व बाजूलाच, विजयनगर-गोविंदनगरला आहेत. तिथं ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक उघडे पडतात. खोलीसमोर पोहायचं असेल तर भरतीची वेळ हॉटेलात विचारून घ्या. ही वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते.

एलिफंट बीच स्नॉर्केलिंगसाठी. डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं, एवढंच त्यात असतं. पोहता येत नसलं तरी रबरी चाकाला धरून नेतात. आण्णांनी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाण्याखाली मान घातली. वर येऊन काही बोलले नाहीत, फक्त हातानं 'परत' अशी खूण केली. चार वेळा गेले.

आणखी खोल जायचं असेल तर स्कूबा. प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो. मात्र दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गरोदरपण असेल तर करू नका आणि अर्जावर खोटं लिहू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. पाण्याखाली जाऊन आल्यावर चोवीस तास विमानात बसायचं नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून स्कूबा सहलीच्या मध्यावर ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नको.

नील : एक मुक्काम, पण पुरता

नीलवरची गावं रामायणातली. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. बेट इतकं लहान की स्कूटरवर तासाभरात सगळं पालथं होतं. भाजीपाल्याची हिरवी शेतं रस्त्याला लागून आहेत, आमची बायको समुद्रापेक्षा तिथल्या कारल्याच्या मांडवापाशी जास्त रमली. लक्ष्मणपूरजवळची दगडी नैसर्गिक कमान फक्त ओहोटीला बघता येते. वाटेवर शेवाळलेले खडक आहेत, साध्या चपलेनं पाय घसरतो. मागं पट्टा असलेलं पादत्राण घाला.

बाराटांगबद्दल माझं मत

सहलीच्या प्रत्येक पॅकेजमध्ये बाराटांग असतं. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून बोट. पोर्ट ब्लेअरहून सुमारे शंभर किलोमीटर. रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा ठरल्या वेळी सोडतात आणि तो गाठायला रात्री तीन-साडेतीनला उठावं लागतं. जंगलात गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही खायला द्यायचं नाही. हे कायद्यानं बंद आहे.

मी दुसऱ्या वेळी गेलो नाही. पहिल्या वेळी आमच्या गाडीतली माणसं गुहांपेक्षा 'दिसले का, दिसले का' म्हणत खिडक्यांना चिकटली होती. त्यांच्याच घरातून जाताना आपण त्यांना प्राण्यासारखं शोधत होतो, आणि त्यात मीही होतो. तुम्हाला गुहांची खरीच ओढ असेल तर जा, पण मुलांना निघण्याआधी समजावून सांगा. तो दिवस वाचवून हॅवलॉकला घालवला तर काहीही बिघडत नाही.

पाण्याशी वागायचं कसं

कृष्णेत पोहणारी आमची पोरं समुद्राला घाबरत नाहीत, तीच खरी भीती आहे. नदीची ओढ एका दिशेनं असते. समुद्रात लाट आत आणते आणि परतणारं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून बाहेर ओढतं. ओढले गेलात तर थेट किनाऱ्याकडं झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. मगरींच्या पाट्या लागलेल्या दिसल्या तर हसण्यावारी नेऊ नका. भिलवडी-औदुंबरच्या माणसाला मगर म्हणजे काय ते सांगायला नको. तिथली खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या कृष्णेतल्या मगरीपेक्षा कितीतरी मोठी होते. आखून दिलेल्या जागेतच उतरा. आणि किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हादरली किंवा पाणी अचानक मागं सरलं, तर कुणी सांगायची वाट न बघता उंचावर जा. २००४ ची त्सुनामी या बेटांनी सोसलेली आहे.

प्रवाळावर पाय देऊ नका. दगड वाटतो, पण जिवंत असतो आणि फार सावकाश वाढतो. शिंपला, शंख, प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. ते न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात.

पिशवीत काय

विमानात साधारण पंधरा किलोची मर्यादा असते, तेव्हा सुती कपडे, टोपी, प्लॅस्टिकची बंद पिशवी, नेहमीची औषधं दुप्पट, आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम. त्या चावतात आणि आठवडाभर खाज जात नाही. घरून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी न्या. शाकाहारी जेवण सगळीकडं मिळतं, पण चौथ्या दिवशी आण्णांना भाकरी आठवायला लागली तेव्हा भात-डाळीवर चटणी आणि कच्चा कांदा घेऊन भागलं. रोख पैसे जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि इंटरनेट सुधारलं, पण हॅवलॉक-नीलला रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही. बोटीची आणि विमानाची तिकिटं कागदावर छापून घ्या.

शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच

सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असा बेत कुणी करून दिला तर तो मोडून टाका. वारा फिरला, बोट रद्द झाली, की विमान गेलं आणि सगळ्या घराचं तिकीट पुन्हा काढायची पाळी. एक पूर्ण दिवस मोकळा राखा. बोट वेळेवर आली तर तो दिवस चिडिया टापूला द्या. दुपारी दोन-अडीचला निघा, मुंडा पहाडच्या किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत बसा. सूर्य समोरच्या बेटांमागं उतरतो आणि अंधार आपल्याकडच्यापेक्षा खूप लवकर होतो. गाडीवाल्याला थांबवून ठेवा, परतीला तिथं दुसरं वाहन मिळत नाही.